मगदूम बाईंनी दुरुस्त केलेलं एक वाक्य

प्रा. विमल मगदूम यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात मीही लिहावं, असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा ते चुकून माझ्या पत्त्यावर आलं असावं असं मला वाटलं. बाईंचे विद्यार्थी प्राध्यापक आहेत, अधिकारी आहेत. मी निवृत्त सहायक फौजदार. जन्मभर लिहिले ते पंचनामे आणि जबाब. बाईंनी मला वर्गात कधी शिकवलं नाही. आमची पहिली भेट झाली ती त्यांच्याविरुद्ध आलेल्या तक्रारीमुळे.

तेव्हा मी हवालदार होतो. कराडात वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी ‘परदेशी अश्लील सिनेमे’ दाखवतात, असा निनावी अर्ज ठाण्यात आला होता. साहेब म्हणाले, “जा, बघून ये. काय वंगाळ असलं तर मशीन उचलून आण.” मी गणवेशातच गेलो. जिन्याच्या तोंडाशी करड्या सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या एक बाई उभ्या होत्या. मी अर्जाचं सांगितलं. त्या जराही गडबडल्या नाहीत.

“तक्रार पाहण्याबद्दल आहे ना? मग पाहिल्याशिवाय कसं ठरवणार? बसा. पण शेवटपर्यंत बसायचं.”

त्या मूळच्या सांगलीकडच्या शेतकरी जैन कुटुंबातल्या, कॉलेजात भूगोल शिकवत होत्या, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की सिनेमाआधी त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि लाकडी पट्टीनं जपान दाखवून एका बंदराच्या गावावर टोक टेकवलं. “आज आपल्याला इथं जायचंय,” त्या म्हणाल्या. वीस-बावीस माणसं होती. मी मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसलो.

सिनेमा जुना होता, काळा-पांढरा. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. दोन्ही मला येत नव्हतं. पण पडद्याच्या कडेला छोट्या दिव्याखाली बाई वही घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर कोणी बोललं की त्या ते मराठीत सांगायच्या. तो सिनेमा त्यांनी घरी सहा वेळा पाहून वाक्य न् वाक्य उतरवून काढलं होतं.

गोष्ट खुनाची होती. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा दुकानात मरून पडतो. संशय बंदरावरच्या एका हमालावर येतो. समोर राहणारी धोबीण सांगते, मी त्याला दुकानातून पळताना पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं की काम, आता सिनेमात उरलं काय? आमच्या सिनेमातला पोलीस पाहायची मला सवय होती. तो एक तर दहा जणांना लोळवायचा, नाहीतर शेवटी सायरन वाजवत यायचा. इथला फौजदार पोट सुटलेला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, सारखा रुमालानं मान पुसणारा. तो धोबिणीच्या घरी जातो. आणि दारात थांबून, वाकून, बुटांचे बंद सोडतो.

मी खुर्चीत पुढं सरकलो. हा पोलीस आहे, तपासाला आला आहे, आणि बूट काढतोय! तो घरात जाऊन खून झाला तेव्हा ती बसली होती तिथंच, खिडकीजवळच्या चटईवर बसतो. तिला म्हणतो, त्या दिवशी जसे कपडे वाळत घातले होते, तसे घाला. ती चादरी टांगते. मग त्या खिडकीतून पडद्यावर आपल्यालाही दिसतं ते एवढंच: ओल्या चादरींच्या खाली पळणारे दोन पाय. चेहरा दिसणं शक्यच नव्हतं.

सिनेमा संपल्यावर चर्चा होत असे. बाईंनी थेट मलाच विचारलं, “हवालदारसाहेब, तुम्ही या खात्यातले. त्या फौजदारानं केलं ते बरोबर का?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, एवढा टाइम कुणाकडं असतो?”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. “त्याच्याकडंही नव्हता. त्याचे साहेब त्याच्यावर ओरडतच होते की.”

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मात्र अडून बसले. त्यांचं म्हणणं, धोबिणीचं सोडा, पण हमाल स्वतःच शेवटी म्हणतो ना, ‘मी त्याला मारलं’? मग त्याला सोडला कसा? बाईंनी वही चाळली. त्यांनाही उत्तर सापडेना. “मी पुन्हा पाहते,” एवढंच त्या म्हणाल्या. अश्लील काही नव्हतं असा अहवाल मी दिला आणि ते प्रकरण मिटलं. माझ्या मनातून मात्र तो सिनेमा जाईना. पुढच्या शनिवारी मी साध्या कपड्यात गेलो, कुणी पाठवलं नसताना.

त्या दिवशी नकाशा लावण्याआधी बाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“गेल्या शनिवारी माझी चूक झाली. हमालाचं वाक्य ‘मी त्याला मारलं’ असं नव्हतं. ‘मी त्याला मरू दिलं’ असं होतं. त्यानं आतली किंकाळी ऐकली आणि घाबरून तो पळाला, एवढाच त्याचा गुन्हा. मी घाईत एका निरपराध माणसाच्या तोंडात कबुली घातली. तुम्ही सगळे आठवडाभर त्याला खुनी समजत असाल. मला माफ करा.”

सिनेमातल्या माणसाची कोणी माफी मागतं का? शेजारचे दोघं गालात हसले. मी हसलो नाही. कारण त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक दोषारोपपत्र तयार होत होतं.

उंब्रजच्या अलीकडच्या एका गावात उभा ऊस जळाला होता. ज्याचा ऊस, त्यानं बांधाशेजारच्या सागरचं नाव घेतलं; दोन्ही घरांचं बांधावरून भांडण होतंच. सागर बावीस वर्षांचा. सैन्यभरतीत निवडला गेला होता, कागद यायचे होते. गुन्हा अंगावर राहिला तर ती भरती गेलीच. तो एकच सांगत होता, मी जनावराच्या डॉक्टरला बघायला गेलो होतो, डॉक्टर भेटला नाही. त्याला साक्षीदार नव्हता. उसाच्या मालकाकडं होता: कालव्यावर म्हैस चारणारे भाऊआबा. त्यांचा जबाब मीच लिहिला होता. ‘सागर यास मी आग लावून पळताना समक्ष पाहिले.’ हे वाक्य माझ्या हाताचं होतं. शेकडो जबाबांत मी ते लिहिलं होतं. आबांनी नेमकं काय म्हटलं होतं, ते आठवायला लागलो आणि आठवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. सुट्टी असून मी गावात गेलो. आधी सागरच्या घरी गेलो आणि दारात बूट काढले. सागरची आई चुलीपुढून उठून आली आणि घाबरली.

“आवं, बूट कशापायी काढताय? अजून काय झालंय?”

“काही नाही झालं. बसून ऐकायला आलोय.”

ती बराच वेळ माझ्या मोज्यांकडं बघत राहिली. मग बोलायला लागली, ती तासभर थांबली नाही. कोणती गाय आजारी होती, सागर कोणत्या वाटेनं गेला, येताना कुणाच्या विहिरीवर पाणी प्यायला. पहिल्या चौकशीच्या वेळी मी तिला दारातच दोन प्रश्न विचारून परत फिरलो होतो.

दुपारी, आग लागली त्याच सुमाराला, मी भाऊआबांना घेऊन कालव्यावर गेलो.

“आबा, त्या दिवशी कुठं उभं होता?”

“हितं. ह्या बाभळीखाली.”

मी तिथं उभा राहिलो. सूर्य समोर. जळालेल्या उसाच्या पलीकडून मी पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या गड्याला, चालत यायला सांगितलं होतं. दिसला तो पांढऱ्या शर्टाचा एक ठिपका.

“आबा, सागरचं तोंड दिसलं होतं का तुमाला?”

“तोंड कुठलं दिसतंय? पाठ दिसली. पांढरं कापड. मालक म्हनला सागर हाय, म्या म्हनलं आसंल.”

“मग जबाबात ‘समक्ष पाहिले’ असं...”

आबांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. “जबाब तुमी लिवला न्हवं? म्या अंगठा दिला.”

तेवढ्यात पाटकरी जवळ आला आणि आमचं बोलणं ऐकून खाली बसला. “सायेब, त्यो मी हुतो,” तो म्हणाला. “वारं लय सुटलं हुतं. वरच्या तारा एकमेकीला लागल्या, ठिणग्या पडल्या. मी माणसं बोलवाय पळालो. मागनं समदी सागरचं नाव घ्याय लागली. म्हटलं, बोललो तर माझ्यावरच यायचं.”

मी वर पाहिलं. खांबाजवळ दोन तारा लोंबत होत्या, एक जागोजाग काळी पडलेली. पंचनामा करताना आम्ही चार माणसं त्या रानात दोन तास होतो. वर कुणीच पाहिलं नव्हतं.

साहेब भडकले. “तुझाच जबाब तूच खोटा म्हणतोस? वरून मला विचारलं तर?” मी म्हणालो, “साहेब, माझं नाव घाला. चूक माझी आहे.” माझी वेतनवाढ रोखली गेली. सगळ्यांचे जबाब नव्यानं झाले, वीज खात्याच्या माणसानं तारा पाहिल्या, आणि सागरविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात गेला. त्याचे कागद वेळेत आले. तो गेला त्या दिवशी त्याची आई ठाण्यात पेढे घेऊन आली. मला ते घ्यायला लाज वाटली, पण तिनं हातावर ठेवलेच.

हे सगळं सांगायला मी बाईंच्या घरी गेलो. बाई सूर्यास्ताआधी जेवतात. त्यांनी मलाही पाट मांडला. भाकरी वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच गेलो होतो. बाई म्हणाल्या, “हवालदारसाहेब, याच्या आधी असे किती जबाब लिहिले असतील तुम्ही?”

मी हातातला घास ताटात ठेवला. बाईंनी विषय बदलला नाही, आणि त्या टोचूनही बोलल्या नाहीत. पाणी पुढं सरकवून त्या एवढंच म्हणाल्या, “इथून पुढचे तरी त्यांच्या शब्दांत लिहा. अशुद्ध असले तरी.”

त्यानंतरच्या नोकरीत मी तसेच लिहिले. ‘आसंल’ म्हटलं तर ‘आसंल’. कोर्टात वकील हसायचे. एकदा एका न्यायाधीशांनी मात्र विचारलं, हा जबाब कोणी नोंदवला, आणि माझं नाव लिहून घेतलं.

शनिवारही सुटला नाही. पुढं बाईंनी पडद्याच्या कडेला माझ्यासाठी दुसरी खुर्ची टाकली. बायकांची वाक्यं त्या वाचत, पुरुषांची मी. माझ्या तोंडून जपानी माणसं अस्सल कराडी बोलू लागली. एकदा एका गुन्हेगाराला मी “काय रं गड्या, कवा आलास?” असं विचारलं, तेव्हा बाई वहीत तोंड लपवून हसत होत्या. पण एखादा शब्द मूळ अर्थापासून घसरला की दिव्याखालून त्यांची पट्टी माझ्या वहीवर टेकायची. मला येत नाही ती भाषा, माहीत नाहीत ती गावं, कधी भेटणार नाहीत ती माणसं, यांच्याविषयी एवढं कुतूहल मला कुठून आलं, असं पत्नी विचारते. ते बाईंकडून आलं. त्यांना पंच्याहत्तराव्या वर्षीही प्रत्येक नवी गोष्ट आधी नीट पाहायची असते, मत नंतर.

बाईंची दृष्टी अलीकडे अधू झाली आहे, शस्त्रक्रिया ठरली आहे. ती निर्विघ्न पार पडो. गुडघ्यांनी त्यांना वाचनालयाचा जिना चढू द्यावा, आणि नाहीच चढू दिला तर आम्ही पडदा खाली आणू. बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की आणखी एक जुना जपानी सिनेमा मिळालाय, तोही गुन्ह्याचाच, आणि तुम्ही अजून पाहिलेला नाही. कुणी काय केलं ते आधी वाचू नका, मीही वाचत नाही. डोळे बरे झाले की दोघं मिळून पहिल्यांदाच पाहू.