शालूचा लॅपटॉप आणि म्हसोबाचा बोकड

शालूचा लॅपटॉप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला चार पाय होते आणि तो लिंबाजीच्या वांग्यांत घुसून मार खाऊन आला होता. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, कान खांद्यापर्यंत लोंबणारे. गल्लीतल्या पोरांनीच त्याचं नाव लॅपटॉप पाडलं होतं, कारण शालू त्याला इतर शेळ्यांसोबत बांधायची नाही, वेगळा चारा घालायची आणि कुणी विचारलं की सरळ सांगायची, "लॅपटॉप घ्यायचाय मला, त्याच्यासाठी वाढवायले."

झरीच्या पलीकडं आमचं गाव. मी सिद्धोधन, परभणीच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. शालू म्हणजे आमच्या शेजारच्या रायभानकाकांची सून. दोन्ही घरांच्या मधे फक्त एक हातपंप आहे, त्यामुळं त्यांच्या घरात काय शिजतं ते आम्हाला कळतं आणि आमच्या घरात कोण कुणावर ओरडतं ते त्यांना कळतं. ओरडणारा बहुतेक मीच असतो. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शालू सोनपेठची. बी.कॉम. झालेली, हिशोबाला तल्लख. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, की घरी बसून हिशोबाची कामं करायची. त्यासाठी लॅपटॉप पाहिजे. फार मोठा नको, भारी नको, पण स्वतःचा. सुरुवातीला तिनं शहाण्यासारखे डब्यात पैसे साठवले. डबा अर्धा भरला की घरात काहीतरी निघायचंच. एकदा बोअरची मोटार जळाली, एकदा नवऱ्याच्या, अमृतच्या, टेम्पोचं टायर फुटलं. कुणी चोरून घेतले नाहीत, मागूनच घेतले, आणि तिनं दिलेही. पण लॅपटॉप काही येईना.

मी तिला हप्त्यानं घ्यायचा सल्ला दिला. ती म्हणाली, "नको भाऊजी. हप्ता चुकला की झोप उडती. आन् डब्यातला पैसा गुमान जातो. बोकड न्यायला लागले तर वरडंल तरी."

तिच्या या बोलण्याला घरातल्या एका रिवाजाचा आधार होता. लग्नात तिला माहेरहून आंदणाची शेळी मिळाली होती. रायभानकाकांच्या घरात अशी शेळी सुनेची. दूध घरात सगळ्यांचं, पण तिची पिल्लं आणि पिल्लांचे पैसे फक्त तिचे. घरातला पुरुष मागतसुद्धा नाही. तिच्या सासूनं, नर्मदाकाकूनं, येलदरीच्या माहेरहून आणलेल्या शेळीचा वंश अजून चालवलाय आणि काकांनी आजवर त्यातलं एक करडू विकलेलं नाही. तेव्हा आंदणाच्या शेळीला हा बोकड झाला आणि शालूनं ठरवलं, हा दोन वर्षं सांभाळायचा आणि बकरी ईदच्या बाजारात विकायचा.

गेल्या दिवाळीत माझ्या ओळखीच्या एका कर सल्लागारांना माणूस हवं होतं. दुकानदारांची बिलं संगणकावर चढवायची, घरी बसून. मी शालूला त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी तिला आपल्या संगणकावर तासभर बसवलं, चष्मा वर करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, जूनपर्यंत थांबतो, लॅपटॉप मात्र तुमचा पाहिजे. नाहीतर दुसरी एक मुलगी तयार आहे. ईद मेअखेर होती. सगळं कसं जुळून आलं होतं. परत येताना एसटीत शालू खिडकीबाहेर बघत उगीचच हसत होती, आणि मीही तिला न दिसेल असा हसलो.

त्या दिवसापासून बोकडाची सेवा वाढली. पीठ मळलं की पहिली भाकरी त्याला. मी कॉलेजातून येताना मोबाइलवर स्वस्त लॅपटॉप बघायचो आणि हातपंपावर तिला दाखवायचो. ती एकेक बाद करायची. "ह्याला जागा कमी हाय." "हे जुनं, कुणाचं काय माहीत." मी चिडायचो, की बाई, या पैशात विमान येत नाही. ती शांतपणे म्हणायची, "दुसरा दाखवा की." शेवटी एक छोटासा, चौदा इंची, अगदी साधा लॅपटॉप दोघांनाही पसंत पडला.

मार्चमध्ये शालू भावाच्या लग्नाला सोनपेठला गेली, लहान लेकरू घेऊन. बोकड सासूच्या स्वाधीन. आणि नेमकं त्याच आठवड्यात खळ्यावर नवी ज्वारी आली. बोकडानं दावं तोडलं आणि राशीत तोंड घातलं. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं. नर्मदाकाकूनं गोडं तेल पाजलं, पोट चोळलं, मला हाका मारल्या. मी फोन करून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांना यायला वेळ लागला. मधल्या वेळात काकू कुठंतरी बांधाकडं जाऊन आली, हे मला आठवतं. डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचून गॅस काढला आणि बोकड उभा राहिला.

शालू परत आली तेव्हा बोकड पहिल्यासारखा उड्या मारत होता. फक्त त्याच्या डाव्या कानाला टोकाकडं चांगली बोटभर चीर होती. "तारंला आडकला," काकू म्हणाली आणि लगेच भांडी घासायला बसली. कुणी मनावर घेतलं नाही.

ईदच्या आधी मुनीरभाई आले. आमच्या भागातल्या शेळ्याबोकडांचे जुने व्यापारी, बोलायला गोड आणि भावाला खरे. त्यांनी हिवाळ्यातच बोकड बघून ईदचा भाव सांगून ठेवला होता. लॅपटॉप येऊन वर बॅग येईल एवढा. आता त्यांनी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, माशाल्ला म्हणाले, आणि कान हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"बेटी, ये काय झालं? कुर्बानीचा बकरा बेऐब लागतो, अंगाला खोट नको. एवढा कान चिरलेला कोण घेणार? खाटकाच्या भावानं नेतो, पन ते निम्मं बी न्हाई होत."

शालू म्हणाली, "तारंला आडकला व्हता."

"तारेचा न्हाई ग," मुनीरभाई कान उलटा करून म्हणाले. "पात्याचा हाय. सरळ."

तेव्हा नर्मदाकाकू मटकन ओट्यावर बसली. बोकडाचं पोट फुगलं त्या संध्याकाळी ती बांधावरच्या म्हसोबाकडं गेली होती. तुझ्या नावानं सोडते, एवढा जीव वाचव, म्हणाली होती. आणि देवाला नुसता शब्द पटणार नाही म्हणून घरी येऊन पात्यानं कानावर खूण केली होती. सुनेचा लॅपटॉप वाचवायला म्हणून तिनं तो देवाला देऊन टाकला होता.

"म्हंजी खाटकाला बी देता येत न्हाई," ती रडत म्हणाली. "देवाचा झाला ना त्यो."

माझं डोकं फिरलं. आमच्यात नवस-सायास नाहीत, आणि नसण्याचं मला त्या क्षणी जेवढं बरं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं. मी म्हणालो, काकू, बोकड डॉक्टरच्या सुईनं वाचला, म्हसोबानं काय केलं? मुनीरभाईंनी माझा हात दाबला. शालूनं बोकडाला परत बांधलं, घागर उचलली आणि हातपंपावर आली. घागर भरून वाहायला लागली तरी ती दांडा मारतच होती. मग मला म्हणाली, "भाऊजी, सायबांना सांगा, दुसरी पोरगी ठिवा मनून." मला इतकं वाईट वाटलं की मी तडक घरात गेलो. फोन मात्र केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नर्मदाकाकूनं मला आणि मुनीरभाईंना बोलावून घेतलं. डोळे सुजलेले, पण पदर घट्ट खोचलेला. शालूला समोर उभं केलं.

"बोकड इकायचाय का तुला?" तिनं सुनेला विचारलं.

"कोन घेतंय आता?"

"मी घेते. नवस मी बोलले. दुसऱ्याच्या बोकडावर नवस फिटत न्हाई, सवताचा लागतो. मग आधी मला इकत घ्यावा लागंल का न्हाई?"

मुनीरभाई म्हणाले, बात सही है. मी म्हणालो, पैसे कुठून आणणार? काकूनं गोठ्याकडं बोट केलं. येलदरीच्या वंशातल्या तिच्या दोन गाभण शेळ्या आणि चार तरण्या पाठी मुनीरभाईंच्या माणसानं आधीच सोडून घेतल्या होत्या. कानातल्या सोन्याच्या फुलांसाठी ठेवलेल्या त्या शेळ्या होत्या, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

शालू म्हणाली, "न्हाई आत्याबाई, तसे पैसे घेनार न्हाई मी."

"तसे कसले? सवदा करायलेय. मुनीरभाई, टाका रुमाल."

आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबायची. पुरुषांचं काम, बायांनी रुमालाखाली हात घातलेला मी तरी पाहिला नव्हता. मुनीरभाईंनी शालूला शिकवलं, एक बोट म्हणजे हजार, पंजा म्हणजे पाच. मग आपला लाल रुमाल दोघींच्या हातांवर टाकला.

आम्हाला फक्त तोंडं दिसत होती. काकू दाबत होती आणि शालू मान हलवत होती, नाही, नाही. मला वाटलं, म्हातारी भाव पाडतेय. माझा पारा चढायला लागला. तेवढ्यात शालूनं हात ओढून घेतला.

"इतके न्हाई. मुनीरभाईनं ईदचा भाव सांगितला त्याच्या वर चाललात तुमी."

"कान माझ्यामुळं गेला. त्या कानाचे बी धर."

"बोकड इकायलेय मी. कान तुमी कापला, त्यो तुमच्यापशीच ऱ्हाऊ द्या."

मुनीरभाई हसून हसून खाली बसले. म्हणाले, चाळीस साल धंदा केला, घेणारा चढवतोय आणि देणारा उतरवतोय असा सौदा पाहिला नाही. पुन्हा रुमाल पडला. पुन्हा दाबादाबी झाली. शेवटी दोघींचे हात रुमालाखाली थांबले आणि बराच वेळ तसेच राहिले. सौदा तर कधीच झाला होता, पण कुणी हात सोडत नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी दोघींवर खेकसलो, की सकाळपासून पाहुणे बसलेत, या घरात चहा होणार आहे की नाही.

नंतरच्या आठवड्यात मी आणि शालू परभणीला गेलो. दुकानदारानं आम्हाला चकचकीत, महागडे लॅपटॉप दाखवायला सुरुवात केली. शालूनं ते सगळे पाहिले, कौतुक केलं आणि आपला छोटा साधा लॅपटॉप मागितला. बॅग फुकट मिळेपर्यंत ती दुकानातून हलली नाही. घरी खोकं उघडलं तेव्हा नर्मदाकाकूनं लॅपटॉपला कुंकू लावलं आणि नाराज होऊन मला म्हणाली, "बोकड केवढा व्हता सिद्धोधन, आन् हे एवढंसंच?"

अमावास्येला नवस फिटला. सकाळी शालूनं बोकडाला हातानं भाकरी चारली आणि मग दुपारपर्यंत ती बाहेर आली नाही. जेवायला मात्र सगळ्यांना आग्रहानं वाढलं. काकूनं मला मुद्दाम टोमणा मारला, तुझा तर म्हसोबावर इस्वास न्हाई. मी म्हणालो, म्हसोबावर नाही, तुमच्या हातच्या रश्श्यावर आहे. तिनं मला तिसऱ्यांदा वाढलं.

एक जूनला शालूचं काम सुरू झालं. त्या आठवड्यात मला आमच्या वीजबिलातला घोळ तिला दाखवायचा होता, म्हणून रजेच्या दिवशी दुपारी गेलो. दारात नर्मदाकाकू पाट टाकून बसली होती. मांडीवर नातू झोपलेला, हातात काठी, आणि शेळ्या हातपंपापलीकडं हाकलून दिलेल्या. आतून बटणांचा बारीक आवाज येत होता. मी चप्पल काढायला लागलो तर काकूनं काठी आडवी धरली.

"आत्ता न्हाई. माजी सून हापिसात हाय."

मी म्हणालो, काकू, दोन मिनिटांचं काम आहे, आणि ही नोकरी मीच लावून दिलीय.

"म्हनून काय झालं? सा वाजता सुटती. तवा ये."

वीस वर्षं मी कॉलेजच्या खिडकीतून लोकांना हेच सांगत आलोय, नंतर या. इतक्या रुबाबात मात्र मला ते कधी सांगता आलं नाही. मी बिल खिशात घातलं, घरी जाऊन पडलो आणि सहा वाजता परत गेलो.