पांढऱ्या सिमेंटच्या रेघा

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या फरशीचे सांधे घासायला तुमची आई कधी स्वतःचं घर टाकून गेली आहे का? माझी गेली. एका उन्हाळ्यात रोज दुपारी गेली. त्या फरशीचा मी जितका मत्सर केला, तितका तोवर कुठल्या माणसाचाही केला नव्हता.

जळगावातली गोष्ट. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या गल्लीत सगळ्यांकडे शहाबादी फरशी, करडी आणि ओबडधोबड. सांध्यात साधं सिमेंट, काही सांडलं तरी दिसत नसे. मग शेजारच्या अक्कांनी स्वयंपाकघरात पांढऱ्या टाइल्स बसवल्या. दोन टाइल्सच्या मधे पांढऱ्या सिमेंटची बारीक, सरळ रेघ. गल्लीतल्या बायका ती बघायला गेल्या. आईही गेली, आणि परत आल्यावर आमच्या ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ खालीच बघत राहिली.

ते मला सोसलं नाही. माझे वडील, आमचे नाना, छापखान्यात कामाला होते. तिथे छापलेली चळवळीची उरलेली पत्रकं ते घरी आणत. फडताळात कागद म्हणून तीच अंथरलेली असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्या भाषेत मत्सराला फार चांगली नावं मिळतात. मी जेवताना जाहीर केलं की हे श्रीमंतीचं ओंगळ प्रदर्शन आहे. नानांनी मान डोलावली. आई भाकरी थापत राहिली.

तोवर दुपार माझी होती. आई शेंगा फोडत बसायची आणि मी तिला पत्रकं वाचून दाखवायची, मोठ्याने, हातवारे करून. ती मधे एक शब्द बोलत नसे. मला वाटायचं, असा श्रोता जगात नाही.

मग अक्कांकडे शेतातून कच्च्या केळ्यांचा घड आला. उपवासाचे वेफर्स करायला त्या नेहमीसारख्या खाली बसल्या आणि नेहमीसारखीच केळी सोलली. केळीचा चीक सदऱ्याला लागला तर तो डाग सदऱ्याबरोबरच जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जन्मभर शहाबादीवर सोलणाऱ्या बाईच्या ते ध्यानात कसं यावं? टाइल पुसून लख्ख झाली. रेघ मात्र चीक प्यायली. संध्याकाळी तांबूस, सकाळी काळी. अक्कांनी घाबरून संडासात टाकायचं अॅसिड आणून ओतलं. फेस आला, चर्र झालं, आणि काळ्याबरोबर सिमेंटही उठलं. जिथे रेघा होत्या तिथे चर पडले, त्यांच्या तळाशी काळं तसंच.

अक्का आईला बोलवायला आल्या. गवंड्याचं काम त्यांनी बसल्या जागी पाहिलं होतं, पण त्यांचे हात कापत. आई गेली. केसांच्या जुन्या पिनेने सांधा खरवडायचा, ब्रशने भुगा काढायचा. पांढरं सिमेंट घट्टसर कालवून बोटाने आत दाबायचं आणि वाळायच्या आत टाइलवरचं ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. वर ओलं गोणपाट. नीट वाळलं की मेणबत्तीचा तुकडा रेघेवरून फिरवायचा, म्हणजे पुन्हा काही झिरपणार नाही. एका दुपारी दोन-चार रेघा. आख्खं स्वयंपाकघर बाकी होतं.

मी एकटीच शेंगा फोडू लागले. आपली फरशी कधी इतक्या मायेने घासलीस का, असं मी आईला विचारलं. तिने पदर खोचला आणि निघून गेली. संध्याकाळी यायची ती बोटं पांढरी करून, आणि गुणगुणत. ते गुणगुणणं मला फार लागलं.

एकदा नानांनी बायकांच्या बिनपगारी राबण्यावरचं पत्रक आणलं. मी ते मुठीत धरून तडक अक्कांकडे गेले. दोघींना वाचून दाखवायचं आणि आईला परत आणायचं, असं ठरवूनच. मागच्या दाराशी पोचले तर आतून हसणं ऐकू आलं. आईचं. एवढं मोठं हसणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

आईचं माहेर धुळ्याजवळचं, अक्कांचंही. दोघी अहिराणीत बोलत होत्या. आमच्या घरात ते चालत नसे. कचेरीत असं बोलणाऱ्या माणसाला मुद्दाम ताटकळत ठेवतात, हे नानांनी पाहिलं होतं. म्हणून घरात शुद्ध बोलायचा नेम होता. आईच्या तोंडून ‘शे’ निघालं की कोणीतरी ‘आहे’ म्हणायचंच. मग ती कमीच बोलायची.

अक्कांचं लक्ष गेलं. म्हणाल्या, “तुनी पोर उनी. आते भाषण हुई.” पोर आली म्हणजे आता भाषण होणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आई डोळ्यांतलं पाणी पुसत अजून हसतच होती. मी म्हटलं, घरी चल. अक्कांना गवंडी मिळेल, तू कशाला रोज येतेस? आईने मान वर केली नाही. मेणबत्ती रेघेवरून शेवटपर्यंत नेली आणि म्हणाली, “आठे माले कोनी टोकत नही.”

इथे मला कोणी टोकत नाही. रागाने नाही; रेघ वाळली, असं सांगावं तशी म्हणाली.

आणलेल्या पत्रकात यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. अक्कांनी एक ब्रश माझ्याकडे सरकवला. टाइलची कड गुडघ्याला टोचत होती, म्हणून मी पत्रकाची घडी करून गुडघ्याखाली घेतली आणि घासू लागले. त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. एका आतेसासूची नक्कल चालली होती. मला अर्धीमुर्धीच कळली, आणि विचारायची लाज वाटली.

माझा मत्सर संपला नाही. तो फरशीवरून उठला आणि अक्कांवर जाऊन बसला. माझ्या आईचं ते बोलणं त्यांच्या वाट्याला गेलं. माझ्या वाट्याला इतकी वर्षं आला तो एक गप्प श्रोता. रेघा सगळ्या भरून झाल्या, तरी दोघी मेणबत्ती फिरवायचं निमित्त काढत राहिल्या. मीही जात राहिले. आजही पांढरी, स्वच्छ रेघ दिसली की आधी पोटात दुखतं.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. या रविवारी घरातल्या फरशीचे सांधे घासायला काढा. आईला शेजारी बसवा, ब्रश तुम्ही घ्या. ती तिच्या माहेरच्या बोलीत काही बोलली, तर तोंड बंद ठेवा आणि घासत राहा.