सुषमाचे कंस

मावशीला आवडणार नाही, तरी आधी हे सांगून टाकते. अचलपूरची माझी मावशी दर दिवाळीला कुणाला काय दिसलं ते सांगते आणि मी दर दिवाळीला तिची टिंगल करते. मी प्रोग्रामर आहे. मशीन सांगितलं तेवढंच करतं, या एका गोष्टीवर माझं पोट चालतं. कारण नसतं असं काही नसतं, ते अजून सापडलेलं नसतं एवढंच. म्हणूनच हे इथे लिहितेय... तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर सांगा बाबांनो, मी थकले.

अमरावतीत राजापेठेला, एका स्टेशनरीच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. भाजी लावणाऱ्या शेतकऱ्यांना मोबाइलवरून ठिबकचे व्हॉल्व्ह उघडता-बंद करता यावेत, असं सॉफ्टवेअर आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि सुषमा. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. ती अकोल्याची, शनिवारी घरी जायची आणि सोमवारी डब्यात वांग्याची भाजी घेऊन यायची. तिखट इतकं, की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती खुशाल जेवत बसायची.

आमचं पटायचं नाही ते एकाच गोष्टीवर... कंसांवर! हसू नका. प्रोग्राममध्ये सूचनांचा एकेक गठ्ठा महिरपी कंसात बांधलेला असतो. उघडणारा कंस काहीजण आधीच्या ओळीच्या शेवटी लिहितात, काहीजण खाली नव्या ओळीवर. मशीनला दोन्ही सारखंच. पण माणसं यावरून वर्षानुवर्षं भांडतात, आणि मी त्यातलीच एक. मी ओळीच्या शेवटीवाली, सुषमा नव्या ओळीवाली. शिवाय तिला एक खोड होती. गठ्ठा संपला, की बंद होणाऱ्या कंसापुढे ती काय संपलं ते इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहायची. 'पाणी बंद झालं.' 'या वावराचं झालं.' मी म्हणायची, ही काय शाळेची वही आहे का! ती ऐकायची नाही.

तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून ती आठवडाभर अकोल्याला गेली. तेवढ्यात मी डाव साधला. कोड एकसारखा मांडून देणारं एक टूल असतं, ते सगळ्या फायलींवर चालवलं. दोन मिनिटांचं काम. तिचे सगळे कंस वर गेले. तिची ती वाक्यं मात्र टूल काढत नाही, ती मी हाताने काढली. अर्धा दिवस बसून... हे सांगायला आज लाज वाटते.

पण खरी चूक वेगळीच होती. कोणत्या ओळीत शेवटचा बदल कुणी केला, याची नोंद प्रत्येक ओळीशेजारी दिसते. टूलने कंसांबरोबर प्रत्येक ओळीचा समासही हलवला, तेव्हा सगळ्याच ओळींपुढे माझं नाव आलं. सुषमाच्या पाच वर्षांच्या कामावर माझं नाव.

सोमवारी ती आली, लॅपटॉप उघडला आणि दिवसभर त्या फायली चाळत बसली. संध्याकाळी बॅग भरताना म्हणाली, "कंसाचं जाऊ दे वं. माह्यं नाव तरी ठेवाचं होतं."

मी म्हटलं, अगं टूलने केलं ते, एवढं काय त्यात. महिनाभरात ती सोडून गेली. कोड बदलायचं तिचं खातं मीच बंद केलं. त्यानंतर चौदा महिने आमच्यात एक फोन नाही.

आता मुद्द्याचं. एका मंगळवारी सकाळी दहाला ऑफिसात मी एक फाइल उघडली, तर सगळे कंस खाली, नव्या ओळीवर! वाटलं, जुनी प्रत उघडली असेल. पण नाही... सुषमा गेल्यावर मी लिहिलेल्या ओळी त्यात होत्या, आणि त्याही तिच्याच पद्धतीने मांडलेल्या. बंद होणाऱ्या कंसांपुढे वाक्यं होती. 'मोटर थांबली.' 'लाइन गेली तर इथे ये.' कंस हलवणारं टूल असतं हो, पण वऱ्हाडातलं वावर समजून मराठी वाक्य लिहिणारं टूल मी तरी ठेवलेलं नाही.

मी टूल चालवून सगळं सरळ केलं. बुधवारी तीन फायली तशाच. मला भीती नाही वाटली, खरं सांगते. चेव आला. पासवर्ड बदलले, लॅपटॉप पुसून सगळं नव्याने टाकलं, नेट बंद ठेवलं. गुरुवारी अंजनगाव सुर्जीला एका पानमळ्यात व्हॉल्व्ह बसवायचे होते. लॅपटॉप पूर्ण बंद करून बॅगेत टाकला आणि एसटीत बॅग मांडीवर घेऊन बसले. मळ्यात पोचून उघडला, तर अकरा फायली बदललेल्या. बदल झाल्याची वेळ दुपारी बारा वीस. बारा वीसला मी बसमध्ये होते, हात बॅगेवर आणि शेजारची बाई मला तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती.

झालं, माझं डोकं फिरलं. हे सुषमाशिवाय कुणाचं काम असणार? शुक्रवारी सकाळीच अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते.

गौरक्षण रोडला तिचं घर. घरचा फुलांचा धंदा, तो आता तीच बघते. ओसरीत शेवंतीचा ढीग, ती हार ओवत होती. मला पाहून उठली नाही, रागावलीही नाही. तिची आईच म्हणाली, "ये वं पोरी, च्या मांडते." मी लॅपटॉप उघडून सुषमापुढे ठेवला आणि म्हटलं, हे तूच करतेयस ना?

तिने हात पदराला पुसले आणि वाचायला लागली. एकेक फाइल, अगदी सावकाश. मध्येच एका वाक्याला हसली. मग म्हणाली, वर्षभरात तिने लॅपटॉपला हात लावला नाही, तो तिने विकून टाकला. ती खोटं बोलत नव्हती. सुषमा खोटं बोलायला लागली, की कान लाल होतात तिचे, हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

"मंग कोण करून राहिलं हे?" तिला बघून माझ्याही तोंडात वऱ्हाडी आली.

"ते मले नको विचारू," ती म्हणाली. "पण माह्यं नाव परत आणता येत होतं ना?"

येत होतं. त्या एका दिवसाच्या बदलाकडे दुर्लक्ष कर, एवढं नोंदीला सांगायची सोय असते. सांगितलं, की जुनी नावं परत दिसतात. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिथेच, शेवंतीच्या ढिगाशेजारी बसून ते केलं. एकामागून एका ओळीपुढे तिचं नाव येत गेलं आणि मला रडू आलं. मी माफी मागितली. कामावर परत ये, असंही म्हटलं. ती नाही म्हणाली. फुलांत बरं वाटतं म्हणाली, आणि सुई हातात घेतली.

त्यानंतर एकही फाइल बदललेली नाही. त्या अकरा फायली मी तशाच ठेवल्यात. बंद लॅपटॉपमध्ये बारा वीसला कोण लिहीत होतं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि माझ्या ओळखीच्या हुशार लोकांनाही देता आलेलं नाही.

निघताना सुषमाने फाटकाशी एक विचारलं होतं. तेही मी इथे लिहिते.

"दोन मिनिटांचं काम होतं वं. चवदा महिने काहून नाई केलं तू?"