शकूताईंची घुबडं

शकूताई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "कात्री घे आणि या उंदराचे तुकडे कर. शेपटी टाकू नकोस, तीही खातात."

मी तेव्हा पन्नाशीची होते, अक्कल मात्र पंधराची. यजमानांची बँकेतून कोलकात्याला बदली झालेली. बालीगंजचा फ्लॅट मोठा आणि दिवस त्याहून मोठा. इथल्या मराठी बायकांबरोबर शहराबाहेरचं शिकारी पक्ष्यांचं केंद्र बघायला गेले ती सिल्कची साडी नेसून, वर घुबडाचा अपशकुन नको म्हणून पर्समध्ये हळकुंड टाकून! नातीला हे सांगितलं की ती आडवी पडून हसते. हसू दे, मलाही येतं.

बाकीच्या जणी पक्ष्यांचा खेळ बघून परतल्या. मी रेंगाळले, कारण शकूताई मराठी बोलत होत्या.

त्या कोलकात्यातच जन्मलेल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आई गेल्यापासून त्यांच्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. केंद्रात त्या गव्हाणी घुबडांची पिल्लं वाढवून भातशेतीत सोडत. कुणी "किती गोड!" म्हटलं की फटकारत, "गोड हवं असेल तर संदेश खा."

पिल्लांना माणूस दिसता कामा नये, ऐकूही येता कामा नये. पडद्याआडून, हातात घुबडाच्या तोंडाचा मोजा चढवून भरवायचं. माणसाला सोकावलेलं घुबड शेतात टिकत नाही, जो तो धरतो, मारतो. म्हणून असं घुबड सोडत नसत, पायात चामडी वादी अडकवून त्याला रविवारच्या खेळात घेत. लाउडस्पीकर, टाळ्या, या हातावरून त्या हातावर. मरेपर्यंत.

मी दर आठवड्याला जाऊ लागले. पण दोन मराठी बायका एका पडद्याआड, आणि गप्प? भाजणी कुठं मिळते, जाऊ काय बोलली, सगळं कुजबुजत चाले. "हळू गं," म्हणत शकूताई स्वतःच पुढचा विषय काढत.

त्या वर्षी एकच मादी जगली. सोडण्याआधी, माणसाला भिते का हे बघायला, मोठ्या जाळीत तिची परीक्षा घेतली. बंगालीत कुणी हाक मारली की ती जाळीच्या पार टोकाला पळे. मी सहज म्हटलं, "अगंबाई, केवढी झाली ही!" तशी ती सरळ माझ्या खांद्यावर येऊन बसली. मी खुळी आनंदानं रडले.

व्यवस्थापक खूश झाले. "दीदी, हिला खेळातच घेऊ. मराठी ऐकणारं घुबड! गर्दी होईल."

"थोडे दिवस द्या," शकूताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून तू बोलायचं. लाडानं. तेवढंच येतं तुला."

मी "ये गं बाळा" म्हणायची. ती आली की शकूताई तिच्यावर पाण्याचा पाइप सोडायच्या. भिजून ती चिखलात पडे, चोच वाजवे आणि फरफटत पुन्हा माझ्याकडेच येई. मग तिच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवायचा.

"पुरे हो, मरेल ती!"

"मरू दे. खेळात नाही जाणार. आणि रडक्या आवाजात बोलू नकोस, तो तिच्या ओळखीचा नाही."

एके दिवशी मी "ये गं" म्हटलं आणि ती माझ्यापासून लांब पळत जाळीवर धडका देत सुटली. चोचीतून रक्त आलं. शकूताई म्हणाल्या, "छान."

तिन्हीसांजेला तिला शेताच्या कडेला सोडलं. ती ताडावर जाऊन बसली. शकूताई चार पावलं पुढं गेल्या, दोन्ही हात पसरले, आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "ये ना गं. माझी बाय ती, ये."

घुबडानं मान वळवून पाहिलं आणि ते दचकून उडालं, शेतापलीकडच्या अंधारात गेलं.

"पास झाली," त्या म्हणाल्या. हात खाली घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

केंद्राकडे परतताना मी नेहमीसारखी बडबड सुरू केली. आत पुढची अंडी फुटायला आली होती. शकूताईंनी दाराशीच मला अडवलं. "चूप कोरो," त्या बंगालीत म्हणाल्या.

आमची बदली होईपर्यंत त्या माझ्याशी मराठीतलं एक अक्षरही बोलल्या नाहीत.