मोहतळ्याच्या तीन बाजू

“नकाशावर तळी किती आहेत?” डीएफओसाहेबांनी विचारलं.

“तीन, साहेब.”

“मग तीन दाखवा.”

“पण पाणी एकातच आहे. जांभूळतळं आणि घोडतळं पार आटलीत.”

“मी शब्द देऊन बसलोय. कोरडी तळी बघायला कुणी नांदेडहून रेल्वेनं किनवटला येत नसतं. काय करायचं ते तुम्ही बघा.”

मी तेव्हा किनवट भागात रेंजर होतो. रेंजर म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा कारभारी. वर डीएफओ म्हणजे विभागीय वनाधिकारी, खाली वनरक्षक, आणि दोघांच्या कात्रीत मी. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याची घडी बसवायला महसूल खात्याचे एक मोठे साहेब मराठवाडाभर फिरत होते. दुष्काळी कामं कुठं काढायची हेही त्यांच्याच हातात होतं. लातूरकडं जंगल औषधालाही नाही, म्हणून त्यांनी सहज म्हटलं, एकदा तुमचं जंगल बघू. आमच्या साहेबांनी जागेवर आमंत्रण दिलं. एका दिवसाची पायी सहल, फार अवघड नाही, तीन तळ्यांच्या काठाकाठानं. सोबत मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबही येणार होत्या.

‘फार अवघड नाही’ अशी सहल आखणं हे अवघड काम असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला सागाची पानं गळतात. मग त्या जंगलात सावली नुसती काड्यांची. म्हणून वाट नाल्याच्या कडेनं, आंब्या-करंजाखालून काढावी लागते. चढ सकाळच्या गारव्यात उरकायचा, जेवण पाण्याजवळ ठेवायचं. आणि वेळेचा हिशेब सगळ्यात हळू चालणाऱ्यावर धरायचा. आमच्यात तो मान डीएफओसाहेबांचा होता.

मी आणि वनरक्षक मडावी सहलीची वाट ठरवायला निघालो. पाणी होतं ते मोहतळ्यात. हे तळं दोन टेकड्यांच्या मधे कोपरासारखं वाकलेलं. बांधावरून बघितलं तर शेपटाकडचं पाणी दिसत नाही आणि शेपटाकडून बांध दिसत नाही. आम्ही टेकडीला वळसा घालून पलीकडं उतरलो.

मी म्हणालो, “मडावी, हे इकडून वेगळंच तळं वाटतंय.”

“हाव सायेब. तिकडं सागाच्या मागून गेलं तर आनखीन येगळं वाटतंय.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पुढं बोलायची गरज पडली नाही. सहल आखून झाली.

रविवारी पाहुणे आले. मोठे साहेब उंच, कमी बोलणारे. बाईसाहेबांनी पायात कॅनव्हासचे बूट घातले होते आणि त्या मडावीच्या बरोबरीनं पुढं चालत होत्या. बांधावर पोचल्यावर मी म्हणालो, “हे मोहतळं.” पाण्यात पाणकावळे होते, एका शिंगाची एक म्हैस डुंबत होती. साहेबांनी मान डोलावली.

तिथून मी त्यांना जाळरेषेनं टेकडीवर चढवलं. जाळरेषा म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. चांगली मळलेली वाट सोडून मी मुद्दाम दोन-तीन वळणं घेतली. जंगलात एवढ्यानं शहरी माणसाची दिशा सुटते. मग पलीकडं उतरलो.

“हे जांभूळतळं.”

“वा!” डीएफओसाहेब म्हणाले. “हे तर पहिल्यापेक्षा छान आहे.” मग मला बाजूला घेऊन हळूच, “हे आटलंय म्हणत होता ना तुम्ही?”

“थोडं निघालं साहेब.”

त्यांचा विश्वास बसला. मडावी झाडाकडं तोंड करून खोकत उभा राहिला.

शेपटाकडच्या पाण्याला मी घोडतळं म्हणालो आणि तिथंच जेवायला बसलो. भाकरी, पिठलं, ठेचा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात मोठे साहेब बोलले.

“या भागातून तळ्यांचा गाळ काढायचं काम मागितलंय. लोकांच्या हाताला काम नाही, पाणी नाही, असं लिहिलंय. पण मी तर तीन तळी बघितली आणि तिन्हींत पाणी आहे. हे काम लातूरला वळवू. नवा जिल्हा आहे, तिकडं गरज जास्त.”

मी हातातली भाकरी खाली ठेवली. ती मागणी जांभूळतळ्याजवळच्या वाडीची होती. कागद पुढं जावा म्हणून मीच मागं लागलो होतो. त्या वाडीतली निम्मी माणसं कामासाठी गाव सोडायच्या बेतात होती. मी डीएफओसाहेबांकडं बघितलं. त्यांनी भाकरीकडं बघितलं.

“रेंजरसाहेब,” बाईसाहेब म्हणाल्या, “एक इचारू का?”

“विचारा ना.”

त्यांनी पाण्याकडं बोट केलं. “ही एका शिंगाची म्हस सकाळधरनं आपल्यासंगंच चालून राहिली काय?”

त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. त्यांना हे दुसऱ्या तळ्यावरच कळलं होतं आणि त्या मजेत गप्प बसल्या होत्या. आता मात्र त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. नोकरी जाते की राहते, याचा मी एक क्षण विचार केला.

“नाही बाईसाहेब. म्हैस इथंच आहे. आपणच फिरून राहिलो.”

मडावी खोकायचंही विसरला.

“म्हणजे हे एकच तळं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“एकच, साहेब. बाकीची दोन आहेत, पण त्यांत पाणी नाही.”

“दाखवा.”

“ऊन फार झालंय,” डीएफओसाहेब घाईनं म्हणाले.

“दाखवा म्हणालो ना.”

जांभूळतळं तिथून टेकडीपलीकडं. तळाला भेगा पडल्या होत्या. मधोमध बायकांनी खड्डा खणून झिरा केला होता. एक बाई आत उतरून वाटीनं पाणी भरत होती, बाकीच्या घागरी घेऊन काठावर बसल्या होत्या. झिऱ्यात पाणी जमेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागत होतं. साहेब भेगांवरून चालत आत गेले आणि खड्ड्याशी उभे राहिले. त्या बाईनं वर बघून विचारलं, “पानी पायजे का?” साहेबांनी नको म्हणून मान हलवली. घसा कोरडा पडलेला असूनही आमच्यातल्या कुणी पाणी मागितलं नाही.

घोडतळं दाखवायची वेळ आली नाही. परतताना साहेब म्हणाले, “दोन्ही तळ्यांचा गाळ काढा. लातूरचं लातूरला बघतो.” मग जरा थांबून, “आणि रेंजर, आखणी चांगली होती.” ते चिडलेत की हसतायत, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वाडीतली माणसं टोपल्या घेऊन तळ्यात उतरली. माझ्या टेबलावर डीएफओसाहेबांचा मेमो आला. मेमो म्हणजे लेखी खुलासा मागणं. मी उत्तर दिलं, ‘पाहुण्यांना तळं सर्व बाजूंनी दाखवण्याचा उद्देश होता.’ तो विषय तिथंच मिटला.

त्या दिवशी स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी बाईसाहेबांना विचारलं होतं, तुम्हाला कळलं कसं? त्या म्हणाल्या, “माझं माहेर उदगीरचं. आमच्यात कापडदुकानाच्या गल्ल्यावर मुली पण बसत्यात. एकच कापड तीनदा उलगडून तीन भाव सांगणारे लई बघितलेत मी.”

तेव्हापासून मोठ्या माणसांची सहल आखताना चढ, सावली आणि पाणी बघून झालं की मी एक चौकशी जास्तीची करायचो. बाईसाहेबांचं माहेर कुठलं? उदगीर निघालं, तर जे आहे तेवढंच दाखवायचं.