फोनवर रडलो नाही म्हणून

परवा दुपारी सेटवर जेवणाचा ब्रेक झाला आणि गावाहून मामाचा फोन आला. एवढंच म्हणाला, "बापू, तुही माय गेली. ये."

मी "हो, निघतो" म्हणालो आणि फोन ठेवला... बस्स. हातातला घास ताटात ठेवला, प्रॉडक्शनला सांगितलं, मेकअप पुसला आणि मिळेल त्या गाडीने मलकापूरला निघालो. डोळ्यांत टिपूस नाही.

माझं काम ज्यांना माहीत आहे, त्यांना यातली गोम कळेल. सिरियलमध्ये मी घरातला रडका थोरला मुलगा करतो. ग्लिसरीन लागत नाही, एका टेकमध्ये घळाघळा पाणी... युनिटमध्ये मला 'नळ' म्हणतात. मध्यंतरी सिरियलमधली माझी आई वारली, तेव्हा मी असा रडलो की आमच्या गल्लीतल्या बायका डोळ्याला पदर लावून बसल्या म्हणे. माझ्या खऱ्या आईने त्या सगळ्यांना कौतुकाने चहा पाजला होता.

आणि आता स्वतःची आई गेली, तर नळ कोरडा ठणठणीत.

गाडीत खिडकीशी बसून मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. रड ना लेका... वडील मी शाळेत असतानाच गेले, आईने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून मला वाढवलं. नाटकात काम करायला मुंबईला जातो म्हटल्यावर अख्ख्या गावाने वेड्यात काढलं. ती तेवढी म्हणाली होती, जाय, पण जेवत जाय.

सगळं आठवत होतं, पण छातीत नुसता दगड. इतकी वर्षं खोटं रडून आपलं खरं रडू संपलं की काय, या विचाराने मी हादरून गेलो होतो.

सकाळी मलकापूरला उतरलो, ऑटो करून गावात आलो. दारात माणसं नाहीत, अंगणात तिरडी नाही, कुणाचा आवाज नाही. मला वाटलं, माझी वाट न पाहताच नेली तिला.

फाटक लोटून आत पाऊल टाकलं... तर आई ओट्यावर बसून सुपात डाळ निवडत होती.

तिथेच मटकन खाली बसलो आणि जो हंबरडा फुटला... शेंबूड, लाळ, काही विचारू नका. कॅमेऱ्यासमोर असा रडलो असतो तर दिग्दर्शकाने घाबरून कट म्हटलं असतं.

मामा घरातून धावत बाहेर आला. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, वर बघून हात जोडले आणि म्हणाला, "टळलं बाप्पा एकदाचं."

मग सगळा उलगडा झाला. आई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती आणि एक कावळा येऊन थेट तिच्या डोक्यावर बसला. आमच्याकडची जुनी माणसं याला मरणाचं बोलावणं समजतात. त्यावर उतारा असा की, माणूस गेलं म्हणून जवळच्या नातलगाला खोटाच निरोप धाडायचा. तो ऐकून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की अरिष्ट टळलं, मग लगेच सांगून टाकायचं की बाबा, खोटं होतं. लहानपणी ऐकलं होतं मी हे, पार विसरून गेलो होतो.

मामाने फोन स्पीकरवर ठेवला होता. आई शेजारीच बसली होती, माझं रडणं ऐकायला. आणि तिला काय ऐकू आलं... "हो, निघतो."

मामा बिचारा खरं सांगायला लगेच परत फोन लावत होता. आईनेच त्याचा हात धरला. येऊ दे त्याले, पाहू, म्हणाली. तेव्हापासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. कावळ्याचं भय केव्हाच मागे पडलं होतं. टीव्हीतल्या आईसाठी रडणारं आपलं पोरगं आपल्यासाठी रडलं नाही, हे तिला लागलं होतं.

आधी तर मला मामाचा गळाच धरावासा वाटला. असा जीवघेणा प्रकार करतं का कुणी? पण आईकडे पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. तिचे डोळे सुजले होते. ती माझ्याकडे बघतही नव्हती, उगाच डाळ पाखडत होती.

"फोनवर काऊन नाही रडला?" ती म्हणाली. "टीवीत तं लय रडतो."

खोटं बोलता आलं असतं, ॲक्टर आहे मी. पण जे खरं होतं तेच तोंडून गेलं. म्हणालो, "माय, टीवीत रडाचं असलं की मी तूच गेली असं मनात आणतो. दरवेळी. मंग पाणी येते. मामा म्हणे खरंच गेली... तं मनात आणाले काही उरलंच नाही."

बोललो आणि जीभ चावली. मामा तर जागीच थिजला. आईला असलं कुणी सांगतं का...

आईने सूप खाली ठेवलं. किती वर्षं झाली तुले या कामात, विचारलं. झाली की दहा-बारा, म्हणालो. तिने जवळ येऊन पदराने माझं तोंड पुसलं.

"म्हंजे इतक्या वर्सांपासून तूच टाळून राह्यला माह्यं मरण," ती म्हणाली. "मंग त्या कावळ्याले काय भ्याचं? रडत जाय बाबू. अन् जेवत जाय."

मग भाकरी टाकल्या तिने. आम्ही तिघंही चुलीपुढेच जेवायला बसलो, ती सगळ्यात जास्त जेवली.

उद्यापासून पुन्हा शूटिंग आहे, पहिलाच सीन रडण्याचा आहे. इतकी वर्षं त्या रडण्याची मनात चोरी वाटायची, ती आता गेली... मनसोक्त रडणार आहे, आईचं आयुष्य वाढायला पाहिजे.