मुली बाहेर, समीक्षक आत

"मुलींना बाहेरच थांबू दे. हा सिनेमा परिपक्व प्रेक्षकांसाठी आहे!" सर म्हणाले.

"वयात येणाऱ्या मुलीचा सिनेमा, आणि मुलीच बाहेर?" मी उठलेच. दारात माझी नात अस्मिता मैत्रिणींसोबत चपला काढून उभी. आठवडाभर वाट बघत होती पोर.

हे भांडण शांती नगरातल्या आमच्या वाचक मंडळाचं, आणि सर म्हणजे मंडळाचे समीक्षक. एका कादंबरीवरच्या एका सिनेमाने आमच्याकडे इतके किस्से साठवलेत, की सिनेमाच छोटा वाटावा! भांडण जरा तसंच राहू दे, आधी हे ऐका.

*

सिनेमा नवा होता तेव्हा सरांनी तो मंडळाला व्हीसीडीवर दाखवला. सीडी दोन. सरांनी दुसरी आधी लावली! मुलगी आधी साडीत, मग फ्रॉकमध्ये. पुढच्या बैठकीत सरांनी परीक्षण वाचलं: "काळ उलटा फिरवण्याचं दिग्दर्शकाचं धाडस साफ फसलंय."

मी म्हटलं, "सर, धाडस तुमचं होतं!"

*

मंडळातल्या सावंतबाईंचं मत ठरलेलं. "पुस्तकाची मजा नाही हो यात!"

"कुठलं वाचलंत?"

"आपल्याच कपाटातलं की!"

कपाटातली एकुलती एक प्रत गणपतीपासून माझ्या उशाशी होती.

*

शेजारच्या नया नगरच्या फरीदाला त्या सिनेमाला मीच घेऊन गेले होते. सिनेमा संपल्यावर डोळे पुसत म्हणाली, "आंटी, मेरी अम्मी ने भी ऐसे ही स्कूल छुड़वाया था."

सर म्हणाले, "ही काही समीक्षा नव्हे."

त्या दिवशी तेवढीच एक झाली होती!

*

मग सिनेमाला बक्षीस मिळालं आणि सरांचं मत एका रात्रीत वयात आलं! फसलेल्या धाडसाचा मैलाचा दगड झाला. हॉलवर बॅनर लागला: 'एका अभिजात चित्रपटाचा वारसा'. वक्ते कोण? सर! आधी सिनेमा, मग भाषण.

मला म्हणाले, "आजी, तुम्ही शाळेत गेला नाहीत. कलेतले थर तुम्हाला नाही कळायचे."

दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकलेय मी. पण नुसती पाटी वाचून आतला माल कसा आहे ते सांगत नाही!

*

तर त्याच कार्यक्रमातलं ते भांडण. "मुलींसमोर ते पाळीचं दृश्य, बाई बाई!" सावंतबाईंनी पदर तोंडाला लावला. सर दार लोटायला निघाले. अस्मिता चप्पल घालायला वाकली.

मी दाराला हात लावून उभी राहिले आणि म्हटलं, "ज्यांना अजून मोठं व्हायचंय त्या पोरी आत बसतील, ज्यांचं राहूनच गेलं, त्यांनी बाहेर थांबा!"